बसते ते पेलते काय?

मुलुंडमध्ये सध्या आम्ही ज्या भाड्याच्या घरात राहतो, त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक पाटी आहे. '६ व्यक्ती, ४०८ किलो.' माणशी ६८ किलो धरून कोणा जाणत्याने तो आकडा काढलेला आहे. ही पाटी रोज शेपन्नास माणसे वाचतात आणि, मौज अशी की, पाळतातही. सातवा मनुष्य आत शिरला की घंटा वाजते, दार मिटेनासे होते, आणि तो सातवा, मग तो सोसायटीचा सेक्रेटरी का असेना, ओशाळे हसून मुकाट्याने बाहेर पडतो. "चला, मी पुढच्या खेपेला येतो," म्हणतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

याच सद्गृहस्थाला त्याच इमारतीच्या फाटकाशी, टेम्पोच्या फाळक्याजवळ कमरेवर हात ठेवून उभा असलेला मी पाहिला आहे. हमालांना तो सांगत होता, "अहो, कोपऱ्यात एवढी जागा आहे की! ते कपाट आडवे घाला. बसेल, बसेल!"

बसेल! या एका क्रियापदाविरुद्ध मला आज भांडावयाचे आहे. मराठी भाषा काही दरिद्री नाही. तिच्यात 'बसणे' निराळे आणि 'पेलणे' निराळे. पण अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या कोणी आयुष्यात एकदा तरी बिऱ्हाड हलविले आहे, घराला लादी बसविली आहे, गणपती आणला आहे किंवा दुकानात माल भरला आहे, त्याने हे दोन शब्द एक करून टाकले आहेत. हौद्यात जे बसते ते गाडी पेलते, असा आपला सिद्धांत. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी हा विषय काढतो म्हणून वाचक रागावतील. परंतु दिवाळीच्याच आधी घरे रंगतात, जुने सामान निघते, नवे येते, आणि गल्लोगल्ली टेम्पो उभे राहतात. तेव्हा हा विषय आजच काढणे बरे.

आणि हेही प्रथमच सांगून टाकतो की, माझे भांडण टेम्पोवाल्याशी नाही. ते तुमच्याशी आहे आणि माझ्याशी आहे.

टेम्पो हा शब्दच मुळी आपल्या उपनगरातला. हॅम्बुर्गच्या बाजूच्या विडाल अँड सोन या जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे ते नाव. १९५८ साली त्यांची 'हॅन्सीट' ही तीन चाकांची मालगाडी गोरेगावात तयार होऊ लागली, आणि पुढे तो कारखाना आकुर्डीला गेला तरी शब्द येथेच राहिला. डालडा म्हटले म्हणजे जसे कुठलेही वनस्पती तूप, तसा टेम्पो म्हटला म्हणजे कुठलीही छोटी मालगाडी. मग ती मॅटाडोर असो, कांदिवलीच्या कारखान्याचे नाव मिरविणारी पिकअप असो, की २००५ साली आलेला पाऊण टनाचा टाटा एस असो. या शेवटच्याला लोकांनी 'छोटा हाथी' म्हटले, आणि माझे स्पष्ट मत असे की, या लाडक्या नावाने त्या बिचाऱ्याचा जेवढा घात केला तेवढा खड्ड्यांनीही केला नसेल. सुरुवातीच्या या हत्तीचे वजन मालासकट, चालकासकट, सगळे मिळून दीड टनाच्या जरासे वर जावयाचे होते. खरा हत्ती पुरा वाढण्याच्या आधीच ते ओलांडतो. पण एकदा हत्ती म्हटले की ओंडके वाहावयास लावण्याचा हक्क आपल्याला मिळाला!

आता 'दीड टनाची गाडी' म्हणजे काय, ते पाहू. भाड्याच्या नाक्यावर जाऊन विचारा, "गाडी किती पासिंग?" उत्तर तयार असते. "दीड टन, साहेब." हा दीड टन कोठून आला? कधी तो गाडीच्या नावात असतो, कधी विकणाऱ्याच्या तोंडात असतो, कधी शेजारच्या टेम्पोवाल्याच्या बढाईत असतो. तो कायद्यात मात्र नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८, हा मुख्यतः दोन आकडे ओळखतो. एक, गाडीचे रिकामे वजन. दुसरा, गाडी आणि तिच्यावरचे सारे काही मिळून जास्तीत जास्त जे वजन नोंदणी अधिकाऱ्याने मंजूर केले ते एकूण वजन. हे दोन्ही आकडे आरसी बुकात असतात. एवढेच नव्हे, तर कलम ५८ म्हणते की मालकाने ते गाडीवरही रंगवून दाखविले पाहिजेत. रंगविलेले असतातही. चिखलाखाली, इंग्रजी आद्याक्षरांत, 'जय मल्हार' आणि 'आईचा आशीर्वाद' यांच्या मधोमध. ज्याला आपण गाडीची ताकद म्हणतो ती या दोहोंची वजाबाकी आहे. ती वजाबाकी मात्र कोणी रंगवीत नाही. ती तुम्ही-आम्ही करावी, अशी अपेक्षा. तिसरीच्या मुलाला येणारे गणित, आणि ते न आल्यामुळे अख्खे महानगर नापास!

बरे, एवढ्यानेही हिशेब संपत नाही. कायद्याने रिकाम्या वजनाची व्याख्या केली आहे. गाडीबरोबर नित्य वापरावयाचे सर्व सामान त्यात धरावयाचे, पण चालकाचे आणि मदतनिसाचे वजन धरावयाचे नाही. म्हणजे चालक आत बसला, हमाल चढले, की त्यांचे वजन मालाच्या वाट्यातून गेले. दुसरी गोष्ट अशी की, कागदावर रिकामे वजन चढते ते गाडी नवी असताना. पुढे मालक तिच्यावर लोखंडी पिंजरा चढवितो, फळ्या ठोकतो, कमानीला पाटे वाढवितो, ताडपत्री, दोरखंड, जॅक, अवजारांची पेटी, पाण्याचा कॅन येतो. गाडी संसारी माणसासारखी हळूहळू जड होत जाते, आणि कागद मात्र लग्नातल्या फोटोसारखा सडपातळ राहतो.

हे सारे मला पुस्तकातून कळले असे भासविणे बरे नव्हे. ते मला एका हमालाच्या मोडलेल्या खांद्याने शिकविले.

घाटकोपरच्या पंतनगरातली आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची होती. चाळीस वर्षांचा संसार. बिऱ्हाड हलविणाऱ्या एका कंत्राटदाराचा माणूस येऊन घर बघून गेला. त्याने खोल्या मोजल्या, कपाटे मोजली, "एका खेपेत नेतो, दीड टनाची गाडी आहे," म्हणाला. मला तो देवदूत वाटला, कारण शेजारच्यांना दोन खेपांचे भाडे पडले होते. सामान भरताना मी स्वतः फाळक्याशी उभा होतो. लोखंडी कपाटे तीन. पुस्तकांच्या गोणी किती हे आता सांगवत नाही. त्यात तीस वर्षांचे दिवाळी अंक होते आणि कागद हा काही कापूस नव्हे. पाटा-वरवंटा होता, रगडा होता. आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या ओट्याची कडप्प्याची फरशी. ती सौभाग्यवतींच्या आग्रहावरून निघाली होती. हा दगड पाऊण इंच जाडीचा असला तर चौरस फुटाला साडेचार ते पाच किलो भरतो. वीस फुटांचा ओटा म्हणजे नव्वद-पंचाण्णव किलो. मला तेव्हा हे ठाऊक नव्हते. ती फरशी हौद्याच्या तळाशी सपाट घातली आणि दिसेनाशी झाली. दिसत नाही ते नाही, असा हिशेब!

टेम्पो चालविणारा पोरगा जुन्नरकडचा, पंचविशीचा. सगळे भरून झाल्यावर तो मागल्या टायरकडे बघून म्हणाला, "काका, गाडी बसलीय." मी म्हणालो, "अरे, जवळ तर जायचंय. मुलुंडपर्यंत." कंत्राटदाराचा माणूस हसला. पोरगा गप्प बसला. मी आणि तो पुढे, दोन हमाल मागे सामानावर. पूर्व द्रुतगती महामार्गावर कांजूरच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. गाडी वेगात नव्हती. पण तिची मागची बाजू फेकली गेली, दुभाजकाला घासली, आणि सामानावर बसलेला एक हमाल खाली आला. खांद्याचे हाड मोडले. दोन महिने हात गळ्यात. मागून येणारी बस वेळेवर थांबली, एवढेच आमचे नशीब. रोजंदारीचा मनुष्य तो, त्याच्या रोजाचे काय, असे मी कंत्राटदाराला विचारले तर उत्तर आले, "त्याला वर बसायला कोणी सांगितलं?" दवाखान्याचा खर्च मी दिला. ती काही उदारता नव्हती.

दुसरा टेम्पो बोलाविला, सामान दोहोंत वाटले. मग मला कसलासा हट्ट आला. दोन्ही गाड्या मी वजनकाट्यावर नेल्या. भरलेल्या तोलल्या, संध्याकाळी रिकाम्या करून पुन्हा तोलल्या. त्या पावत्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पहिल्या गाडीच्या दारावर रंगविलेले रिकामे वजन १,५७० किलो, एकूण वजन २,८२०. म्हणजे कागदाप्रमाणेच ती दीड टनाची नव्हती, सव्वा टनाची होती. काट्यावर ती रिकामी, आत चिटपाखरू नसताना, १,७९० भरली. पिंजरा, पाटे, ताडपत्री यांनी २२० किलो कधीच गिळले होते. त्यात आम्ही चौघे, माणशी ६५ धरले तर २६०. उरले किती? ७७०. आणि आमचा संसार दोन्ही गाड्यांत मिळून भरला १,६४० किलो. मी हा आकडा सौ.ना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "इतकं कसं होईल? सगळं तर बसलं होतं!"

तेव्हा, दीड टन म्हणून सांगितलेली, सव्वा टन म्हणून कागदावर असलेली गाडी प्रत्यक्षात माल पेलू शकत होती पाऊण टन. आणि आम्ही घातला त्याच्या दुपटीहून अधिक. यात कोणी चोरी केली नव्हती, कोणी खोटा कागद केला नव्हता. फक्त कोणी वजाबाकी केली नव्हती.

जागा आणि भार यांचे नाते किती फसवे असते ते गृहिणींना खरे म्हणजे सांगावयास नको. किलोभर चुरमुऱ्यांना मोठा डबा लागतो आणि किलोभर मीठ लहानशा बरणीत मावते. सिमेंटच्या पंचवीस गोणी पिकअपच्या हौद्यात घाला. जेमतेम घोट्याच्या वर थर येईल. बघणारा म्हणेल, गाडी रिकामीच चालली आहे. पण ५० किलोची एक याप्रमाणे ते १,२५० किलो झाले. घरदुरुस्तीचे डेब्रिज, लादीची खोकी, ग्रॅनाइट, वाळू ही सगळी मिठाची जात. एक ब्रास वाळू म्हणजे शंभर घनफूट, कोरडी असली तरी चार टनांच्या वर. पावसाने भिजली की त्याहून अधिक. याच्या उलट गाद्या-उशांचा डोंगर रचलेला टेम्पो पाहून आपण "बापरे, केवढे भरले!" म्हणतो आणि तो बिचारा हलका असतो. डोळ्यांनी भार दिसत नाही. डोळ्यांनी फक्त उंची दिसते.

आता समोरच्या पक्षाची बाजू. ती मी पंतनगरच्या कट्ट्यावर इतक्या वेळा ऐकली आहे की पाठ आहे.

पहिला युक्तिवाद इंजिनिअर मंडळींचा. "कंपनी नेहमी जास्तीचे मजबूत करते हो. छापील आकड्याच्या दीडपट तरी सहज ओढते." ओढते, हे खरे. इंजिन ओढते. पण गाडीचे सामर्थ्य ओढण्यात नसून थांबण्यात आहे. साखळीचे बळ तिच्या दुबळ्या कडीएवढे. कमान पेलेल पण टायर नाही, टायर पेलेल पण आस नाही, आस पेलेल पण ब्रेक नाहीत. या सगळ्यांत जे सर्वांत दुबळे त्याच्यावरून तो एकूण वजनाचा आकडा येतो. पाटे वाढविले म्हणजे गाडीची ताकद वाढली, ही मेकॅनिकच्या दुकानात जन्मलेली आणि घराघरांत पोसलेली अंधश्रद्धा आहे. पाटे वाढविल्याने गाडी बसलेली दिसत नाही, एवढेच. म्हणजे जो एकुलता एक लक्षणाचा इशारा त्या जुन्नरच्या पोराला दिसला, तोही पुसून टाकावयाचा. ताप उतरविण्याऐवजी थर्मामीटर फोडला! ब्रेक तेवढेच राहिले, टायर तेवढेच राहिले. टायरच्या कडेवर त्याने किती भार घ्यावयाचा याचा एक सांकेतिक आकडा छापलेला असतो. तो वाचलेला एक तरी ग्राहक मला दाखवा. आणि कंपनीने जे जास्तीचे ठेवले असेल ते खड्ड्यासाठी, म्हाताऱ्या झालेल्या कमानीसाठी, जुलैच्या पावसात निसरड्या झालेल्या रस्त्यासाठी ठेवले आहे. ते तुमच्या कपाटासाठी नाही.

दुसरा युक्तिवाद निवांत लोकांचा. "मुंबईत गाडी पळते कुठे? सगळा ट्रॅफिक जाम. दहा-पंधराच्या वेगाने काय होणार?" या मंडळींनी पवईचा उतार रात्री अकरानंतर पाहावा. घोडबंदरला गायमुखाचा घाट पाहावा. असल्फ्याच्या टेकडीवरच्या गल्ल्या पाहाव्यात, जेथे टेम्पो उलटा लावून सामान उतरवितात आणि हातब्रेकच्या भरवशावर खाली पोरे खेळत असतात. भार सव्वापट झाला की त्याच वेगात थांबविण्यासाठी ब्रेकला सव्वापट शक्ती उष्णतेत जिरवावी लागते, आणि उतारावर तापलेले ब्रेक ऐन वेळी कच खातात. हा काही माझा तर्क नव्हे. शाळेतले पदार्थविज्ञान आहे.

तिसरा युक्तिवाद मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो पोटाचा आहे. "टेम्पोवाला गरीब. त्याचे हप्ते आहेत, डिझेल आहे. कमी भरले तर त्याने खावे काय?" हे म्हणणारे लोक खरोखर कळवळ्याने म्हणतात. पण जरा बघा, जास्तीच्या मालाचे पैसे कोणाला मिळतात? भाडे ठरते खेपेवर, वजनावर नाही. सातशे सत्तर किलो न्या की सोळाशे चाळीस, पोराला मिळावयाचे तेवढेच. वाचलेल्या दुसऱ्या खेपेचे पैसे माझ्या खिशात राहिले, म्हणजे राहावयाचे होते. फुटला तो टायर त्याचा. झिजल्या त्या कमानी त्याच्या. आणि जी दुसरी खेप झालीच नाही, ती नाक्यावर दिवसभर बसून राहिलेल्या दुसऱ्या कुणा टेम्पोवाल्याची. एकाने दुप्पट भरले की दुसऱ्याचा धंदा बुडतो, मग तोही दुप्पट भरावयास तयार होतो, आणि भाव खाली येतो. गरिबाच्या नावाने चाललेली ही व्यवस्था गरिबाच्याच पाठीवर स्वस्ताई करते. आपण तिला दया म्हणतो.

पाठीवरून आठवले. आपल्या देशात १९६५ सालापासून ओझ्याच्या आणि गाड्याच्या जनावरांसाठी नियम आहेत. लहान बैल, मोठा बैल, तट्टू, खेचर, उंट, प्रत्येकाला किलोंत मर्यादा. गाढवाच्या पाठीवर ५० किलो. बैलाला तर नियमाशिवाय आणखी एक सोय आहे, फार झाले की तो बसतो. चाबूक मारा, शेपटी पिरगळा, उठत नाही. टेम्पोलाही बसता येते, पण तो बसतो तेव्हा आपण मेकॅनिककडे जाऊन पाटे वाढवून आणतो.

आणि रूळांवरचे पाहा. घाटकोपर-मुलुंडच्या फलाटावर उभे असताना मालगाडी धडधडत जाते. तिच्या प्रत्येक वाघिणीच्या अंगावर तिचे रिकामे वजन आणि तिने वाहावयाचा माल असे आकडे ठळक रंगविलेले असतात. रेल्वेने वजाबाकी स्वतः करून ठेवली आहे. रस्त्याने ती ग्राहकाच्या सद्बुद्धीवर सोडली आहे, आणि ती सद्बुद्धी भाव करण्यात गुंतलेली आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात हीच स्थिती जहाजांची होती. मालक जुनी जहाजे विम्याच्या जोरावर काठोकाठ भरीत. बुडाले तर विमा मिळे, खलाशी मात्र मिळत नसत. सॅम्युएल प्लिम्सॉल नावाचा पार्लमेंटचा एक सभासद या प्रश्नावर वेड्यासारखा भांडला. १८७६ साली कायदा झाला की प्रत्येक जहाजाच्या अंगावर भाराची रेघ काढावी. पाणी त्या रेघेवर चढले की भरणे बंद. पण त्या कायद्यात एक गंमत राहून गेली. रेघ कोठे काढावयाची हे ठरविण्याचा अधिकार मालकालाच! ते पुरते दुरुस्त व्हावयास १८९० साल उजाडले. आपली गोष्ट त्या मधल्या चौदा वर्षांतली आहे. रेघ काढण्याचा कायदा आहे, गाडीवर आकडे आहेत. पण टन किती हे जो तो आपल्या तोंडाने ठरवितो.

कायदा कडक नाही असे म्हणण्याची सोय नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कलम १९४ खाली जादा भाराचा दंड वीस हजार रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तेथेच उतरविल्याखेरीज गाडी हलवावयाची नाही. पूर्वी काही राज्यांनी ठरावीक फी घेऊन जादा भाराला वाट करून देण्याची युक्ती काढली होती. ९ नोव्हेंबर २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली. दंड भरला म्हणजे परवाना मिळाला असे नव्हे. अधिकाऱ्याला संशय आला तर पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरांच्या आत असलेल्या काट्यावर गाडी नेण्याचा तो हुकूम करू शकतो. चालक मालक नसेल, तर मालकाला ठाऊक असताना किंवा त्याच्या हुकमानेच हे झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते.

परंतु त्या कलमातले मला बोचलेले शब्द निराळेच आहेत. जो कोणी अशी गाडी चालवील, एवढ्यावर कायदा थांबत नाही. जो चालवावयास लावील किंवा चालवू देईल, असेही तो म्हणतो. वकील मंडळी याचा अर्थ मालकापुरता करतील, करोत. मी ते वाचले तेव्हा मला फाळक्याशी उभा असलेला मी दिसलो. "अरे, जवळ तर जायचंय" असे म्हणणारा.

शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, साध्या हलक्या मोटारीचा परवाना असलेला मनुष्य ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकतो. हजारो पोरांची रोजी त्यामुळे सुटली, हे चांगलेच झाले. पण त्याचा अर्थ असाही की, वाटेत कोणी त्यांना भाराचे शास्त्र वेगळे शिकविणार नाही. ते शिकणार ते नाक्यावर, आपल्यासारख्या ग्राहकांकडून. आणि आपण त्यांना शिकवितो, बसेल!

खड्ड्यांच्या नावाने महापालिकेला शिव्या देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तीही आपणच पोसतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावी १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर मोजून भरलेले ट्रक दोन वर्षे फिरविण्यात आले. त्यातून असे निघाले की, आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी साधारणपणे त्याच्या चौथ्या घातात वाढते. भार दुप्पट, हानी सोळापट. आमची गाडी मंजूर वजनाच्या १.३ पट होती. म्हणजे सगळ्या आसांवर तो सारखा वाटला असता तरी त्या दिवशी आम्ही एका टेम्पोने जवळजवळ तीन टेम्पोंचा रस्ता झिजविला. आता हेही खरे की पिकअपच्या मानाने दहा-वीस टनी ट्रक रस्त्याचा कितीतरी अधिक चुराडा करतात, आणि खड्ड्यांत पाण्याच्या निचऱ्याचा व कंत्राटदाराचाही वाटा आहे. तेवढ्यावरून आपला वाटा शून्य होत नाही.

गणपतीतली तऱ्हा तर विचारू नका. मूर्ती एक, मखर, ढोल, आणि वर वीस कार्यकर्ते. देव हलका असतो, भक्तांचे वजन भरते. माणशी ६५ धरले तर तेराशे किलो झाले, तेही उभे, डोलणारे आणि एका अंगाला झुकणारे. मालाच्या गाडीत माणसे भरणे मुळातच गैर, हा वेगळा खटला. पण लिफ्टमध्ये सातव्याला बाहेर काढणारे आपण येथे एकविसाव्याला हात देऊन वर ओढतो.

"मग करावयाचे काय?" असे कट्ट्यावर मला विचारण्यात आले, तेही अशा सुरात की याला काही उत्तर नसणारच. आहे. गाडी ठरविताना टन विचारू नका. दारावरचे दोन आकडे वाचा आणि वजाबाकी करा. त्याहून बरे, वजनकाट्याची पावती मागा, पिंजरा-ताडपत्रीसह रिकाम्या गाडीची. ती वर्षातून एकदा करून ठेवावयास मालकाला फार खर्च येत नाही, आणि ज्याच्याकडे ती असेल त्याला चार पैसे जास्त द्या. सोसायट्यांनी, विशेषतः पुनर्विकासात निघालेल्यांनी, फाटकावर निदान एवढे लिहून लावावे की पावतीवाचून गाडी भरली जाणार नाही. बांधकामाच्या मालाची तर वजने छापलेलीच असतात; तेथे डोळ्यांनी अंदाज करण्याचे कारणच नाही. आणि जड सामान हौद्याच्या शेपटाला न टाकता पुढे, आसांच्या मध्ये, तळाशी घाला. कारण एकूण वजन बरोबर असूनही सगळे मागे गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग वळविले तरी गाडी मनासारखी वळत नाही. हे मला त्या पोराने सांगितले. त्याला ते आधीपासून ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते.

पंतनगरची इमारत पुढल्या वर्षी पुरी होईल अशी चिन्हे आहेत. मी त्यालाच फोन केला. आता स्वतःची गाडी घेतली आहे त्याने, हप्त्यावर.

"काका, सामान किती?" त्याने विचारले.

"सोळाशे चाळीस किलो," मी म्हणालो.

पलीकडे जरा शांतता झाली. खोल्या किती आणि कपाटे किती हे ऐकण्याची त्याला सवय असावी. मग तो म्हणाला, "म्हणजे तीन खेपा."

भाडे ठरले. कडप्प्याची फरशी येथेच घरमालकाला देऊन जावयाचे कबूल झाले आहे. पाटा-वरवंट्यावर मात्र घरात अद्याप एकमत नाही. तो टेम्पोत जाणार नसेल तर मांडीवर घेऊन मुलुंड ते घाटकोपर लोकलने नेण्याची तयारी सौ.नी दाखविली आहे.